झोपेची गोळी एकाएकी बंद करू नका

मागच्या पंधरवड्यात या सदराच्या पत्त्यावर आलेल्या पत्रांपैकी एक पत्र मी मुद्दाम बाजूला काढून ठेवले होते. लिहिणाऱ्या भगिनी ६१ वर्षांच्या आहेत. रक्तदाब आहे, गुडघे दुखतात आणि गेली सहा वर्षे त्या रात्री झोपेची ‘अर्धीच’ गोळी घेतात. मुलाने मोबाईलवर काहीतरी वाचले आणि ‘आई, आजपासून ही गोळी बंद’ म्हणून पाकीट काढून घेतले. पहिल्या दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. हात थरथरू लागले, छातीत धडधड सुरू झाली. तिसऱ्या रात्री त्यांनी शेजारणीकडून पाकीट मागवून गोळी घेतली. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले आहे, “डॉक्टर, मला व्यसन लागले आहे काय?”

भगिनी, तिसऱ्या रात्री गोळी परत घेतलीत ते ठीकच केलेत. तुमच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येणार नाही. त्यासाठी मला आमच्या गुरुजींची हकीकत सांगावी लागेल. त्यांना विचारूनच ती लिहीत आहे. त्या हकीकतीत चूक माझी आहे, त्यामुळे लिहिताना हात थोडा अडखळतो.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यात सुपारीचे खांडही तोंडात घातले नाही. शाळेत असताना दर वर्षी गांधी जयंतीला तंबाखूविरुद्ध भाषण ठरलेले. २००९ साली त्यांच्या पत्नी कर्करोगाने गेल्या. तेराव्याच्या आदल्या दिवशी मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला. दहा-बारा रात्री माणूस झोपलेला नव्हता. डोळे तांबारलेले, बोलताना वाक्य मध्येच तुटायचे. मी अल्प्राझोलाम ०.५ मिलिग्रॅम, रात्री एक, अशा पंधरा गोळ्या लिहून दिल्या. तेवढे बरोबर होते. अशा प्रसंगी थोडे दिवस गोळी देण्यात काही गैर नाही. पण खाली मी हाताच्या सवयीने लिहिले, ‘गरज वाटल्यास पुन्हा’. हे तीन शब्द पुढे फार महाग पडले.

पंधरा दिवसांनी ते आले नाहीत. मी समजलो, बरे वाटले असेल. नंतर ते येत राहिले, पण रक्तदाबासाठी, खोकल्यासाठी, एकदा हाताला लागले म्हणून. नऊ वर्षांत निदान चाळीस वेळा तरी ते माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले असतील. ‘झोप कशी आहे?’ हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. गोळी ते मुलाच्या नोकरीच्या गावाहून आणत. माझी ती चिठ्ठी घडीवर फाटू लागली, तेव्हा त्यांनी ती प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून घेतली. वर्षभराने एका गोळीने झोप येईना, म्हणून दीड झाली. मग दोन. २०१६ पर्यंत तीन. कोणी वाढवल्या? कोणीच नाही, त्या आपोआप वाढल्या.

२०१८ च्या आषाढात गुरुजींनी वारीला जायचे ठरवले. लोणंदला माउलींच्या पालखीत सामील व्हायचे आणि पंढरपूरपर्यंत चालायचे. निघताना त्यांच्या मनात आले, देवाच्या दारी जाताना ही नशा बरोबर कशाला? पाकीट त्यांनी घरी कपाटात ठेवले. संकल्प चांगला होता, यात शंका नाही.

लोणंदची पहिली रात्र जागून गेली. राहुटीत भजन चालू होते, त्यांना वाटले त्यामुळे असेल. दुसऱ्या दिवशी हाताला कंप आणि अंगाला दरदरून घाम. वाटले, चालण्याची सवय नाही. चांदोबाच्या लिंबाजवळ उभे रिंगण झाले, तेव्हा टाळ-मृदंगाचा आवाज त्यांना सहन होईना. ज्या आवाजासाठी माणूस वारीला जातो, तोच आवाज डोक्यात घण घातल्यासारखा वाटू लागला. त्यांनी कानावर उपरणे गुंडाळले. ते मला नंतर म्हणाले, “डॉक्टर, मला वाटलं माझ्यातच काहीतरी पाप आहे.” तरडगावच्या मुक्कामी अंगावरून मुंग्या चालल्यासारखे होऊ लागले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फलटणला राहुटीत बसल्या जागी त्यांना आकडी आली.

दिंडीतल्या लोकांनी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी चप्पल हुंगवली. हे आपल्याकडे अजून चालते, म्हणून जाता जाता सांगतो. आकडी आलेल्या माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड द्यावे, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला कराव्यात. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नये. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही तर वेळ न घालवता वाहनात घालून दवाखान्यात न्यावे.

तेथील दवाखान्यात मेंदूचे सी. टी. स्कॅन झाले, साखर पाहिली, क्षार पाहिले. सगळे ठीक. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी सोबतच्या पुतण्याला विचारले, “गोळ्या कोणत्या चालू आहेत?” त्याने रक्तदाबाची सांगितली. झोपेची गोळी ही कोणाच्या हिशेबात औषध नसतेच. शेवटी त्याने घरी फोन लावला, सूनबाईंनी कपाट उघडले, पाकीट सापडले आणि ती लॅमिनेट केलेली चिठ्ठीही. रात्री साडेदहाला मला फोन आला. चिठ्ठीवर नाव माझे होते.

चार दिवसांनी गुरुजी घरी परतले तेव्हा मी त्यांना भेटायला गेलो. ते रागावले नव्हते. एवढेच म्हणाले, “तुम्हीच दिली होती ना, डॉक्टर? मग ती वाईट कशी असेल, असं मला वाटत राहिलं.”

मेंदूत काय होते?

आपल्या मेंदूत चेतापेशींना शांत करणारे एक नैसर्गिक रसायन असते. त्याचे नाव गाबा. मेंदू हा सदैव उधळू पाहणारा बैल समजा, तर गाबा म्हणजे त्याचा कासरा धरणारा हात. झोपेच्या बहुतेक गोळ्या स्वतः कासरा धरत नाहीत. त्या या हाताला जोर देतात. म्हणून गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात विचार थांबतात, अंग सैल पडते, झोप लागते.

पण बाहेरून रोज मदत मिळू लागली की मेंदू आपली व्यवस्था बदलतो. काही आठवड्यांत गाबाची जागा घेणारे स्वीकारक पूर्वीसारखा प्रतिसाद देईनासे होतात. पूर्वीच्या मात्रेने पूर्वीइतका गुण येत नाही. गुरुजींच्या एकाच्या तीन गोळ्या झाल्या त्या अशा. आणि एके दिवशी गोळी अचानक काढून घेतली, की हात तर दुबळा झालेला आणि बैल ताजातवाना. मग कंप, घाम, धडधड, आवाज आणि उजेड सहन न होणे, अंगावर मुंग्या, भीती, क्वचित भ्रम आणि क्वचित आकडी. म्हणजे बैल उधळला.

याला शरीराचे अवलंबित्व म्हणतात. व्यसन शब्दात जी लालसा असते, नशेसाठी धडपड असते, ती यात बहुधा नसते. गुरुजींना गोळीची कधी मजा वाटली नाही. डॉक्टरांनी दिलेले औषध सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्या साध्या, सालस माणसालाही अवलंबित्व येते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. हे मी ठासून सांगतो, कारण लाजेपोटी लोक लपवतात आणि लपवल्यामुळे एकाएकी बंद करतात.

यात एक चकवा आहे, तो नीट समजून घ्यावा. बरेच दिवस चालू असलेली गोळी बंद केली की काही रात्री झोप मूळच्यापेक्षाही वाईट होते. माणूस म्हणतो, “बघा, गोळीशिवाय मला झोप येतच नाही.” खरे तर ती जाग जुन्या निद्रानाशाची नसते, गोळी सुटल्याची असते. पण रुग्णाला ते कळत नाही, आणि पुष्कळदा आम्हा डॉक्टरांनाही कळत नाही. पुन्हा गोळी सुरू होते आणि वर्षे निघून जातात.

अल्प्राझोलामसारख्या गोळीचे आणखी एक आहे. तिची रक्तातली मात्रा साधारण अकरा-बारा तासांत निम्मी होते. मात्रा उतरू लागली की पहाटे तीन-चारला घाबरून जाग येते, आणि काहींना तर दिवसाउजेडीही गोळीची ओढ लागते. गुरुजींना पहाटेची ही जाग दोन वर्षे येत होती. ते तिला ‘बाईची आठवण’ म्हणत. डायझेपाम उलट सावकाश उतरते, काही दिवस शरीरात रेंगाळते. म्हणून ते बंद केल्यावर त्रास दोन-चार दिवस उशिरा, कधी आठवड्यानेही सुरू होतो. तोवर माणूस निर्धास्त झालेला असतो.

या गोळ्या आल्या कोठून?

झोपेचे औषध नवे आले की ते निर्धोक आहे असे आधी सांगितले जाते आणि काही वर्षांनी शब्द मागे घ्यावे लागतात. १९०३ साली बार्बिटोन आले. त्या वर्गातल्या औषधांची मात्रा जरा जास्त झाली तर श्वास थांबे, कित्येकांचे प्राण गेले. मग १९६० मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड आणि १९६३ मध्ये डायझेपाम बाजारात आले. त्यांनी एकट्याने सहसा जीव जात नाही, म्हणून डॉक्टरांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. आपल्याकडे एकेकाळी घरोघर नाव ठाऊक असलेली काम्पोज म्हणजे डायझेपामच. ‘मला एक काम्पोज द्या’ असे लोक दुकानात सहज म्हणत.

१९६१ सालीच मोठ्या मात्रेत क्लोरडायझेपॉक्साइड घेणाऱ्या रुग्णांना ते बंद करताना त्रास होतो असे नोंदले गेले होते. लक्ष द्यायला जगाने पुढची वीस-पंचवीस वर्षे घेतली. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे हेदर अॅश्टन नावाच्या प्राध्यापिका-डॉक्टरांनी १९८२ ते १९९४ या काळात केवळ या गोळ्या सोडवण्याचा दवाखाना चालवला, आणि गोळी हळूहळू कमी करण्याची त्यांची पद्धत पुढे जगभर गेली. १९८८ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपेक्षा जास्त देऊ नयेत असे सांगितले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये या सगळ्या वर्गावर अवलंबित्वाचा सर्वांत कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. म्हणजे २००९ मध्ये मी ते तीन शब्द लिहिले तेव्हा ‘ठाऊक नव्हते’ ही सबब मला सांगता येत नाही.

झोल्पिडेम ही त्यानंतरची गोळी. ती लवकर उतरते म्हणून निर्धोक असे म्हटले गेले. पण तिचीही सवय लागते, आणि काही जण ती घेऊन झोपेतच उठून चालतात, स्वयंपाक करतात, गाडीसुद्धा चालवतात आणि सकाळी त्यांना काही आठवत नाही. २०१९ मध्ये तिच्यावरही तसाच इशारा आला. स्त्रियांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते, म्हणून अमेरिकेत २०१३ पासून त्यांची नेहमीची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅम करण्यात आली.

आपण घेत असलेली गोळी यातली आहे की नाही हे पाकिटावर पाहता येते. व्यापारी नाव मोठ्या अक्षरात असते, ते सोडून द्या. खाली बारीक अक्षरात मूळ औषध असते. त्याच्या शेवटी ‘-झेपाम’ किंवा ‘-झोलाम’ असेल, जसे डायझेपाम, नायट्राझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, तर ती या वर्गातली. पोटाच्या मुरड्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही जोडगोळ्यांत क्लोरडायझेपॉक्साइड असते, आणि उदासीनतेवरच्या काही जोडगोळ्यांत क्लोनाझेपाम. ‘मी झोपेची गोळी घेतच नाही’ म्हणणाऱ्या काही रुग्णांच्या पिशवीत मला या गोळ्या सापडल्या आहेत.

१ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे आपल्या देशात ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. दुकानदाराने डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि गोळ्यांची संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहायची आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवायची असा नियम आहे. लॅमिनेट केलेल्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे गोळ्या मिळतात, याचा अर्थ वाचकांनीच लावावा. आणि शेजारणीकडून पाकीट आणणे, भगिनी, हे मात्र पुन्हा करू नका.

गोळ्या एकाएकी तुटल्यावर काय होते, हे आपल्या शेजारीच घडलेले आहे. नांदेडला लागून असलेल्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यात सप्टेंबर २०१५ मध्ये भेसळीच्या ताडीवर सरकारने कारवाई केली. त्या ताडीत याच वर्गातली औषधे मिसळलेली असत. ताडी बंद होताच काही दिवसांत दवाखाने आकडी, कंप आणि भ्रमाच्या रुग्णांनी भरले. ते लोक ताडी पीत होते, गोळ्या नाही. तरी मेंदूला फरक पडला नाही.

वयस्कांसाठी दोन शब्द

साठीनंतर यकृत या गोळ्या सावकाश पचवते. रात्री दहाला घेतलेली नायट्राझेपाम सकाळी आठलाही अंगात असते. पहाटे लघवीला उठताना तोल जातो, मोरीच्या ओल्या फरशीवर पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. माझ्या ओळखीच्या एका काकूंचे असेच झाले. त्या पुन्हा स्वतःच्या पायांवर चालल्या नाहीत. घरच्यांनी फरशीला दोष दिला. विसराळूपणाचेही तसेच. ‘आता वय झाले’ म्हणून सोडून दिलेला विसराळूपणा कधी कधी गोळी कमी केल्यावर निवळतो.

जे मोठ्याने घोरतात, झोपेत ज्यांचा श्वास मधेच अडकतो, त्यांना ही गोळी धोक्याची. दारूबरोबर किंवा ट्रामाडोलसारख्या तीव्र वेदनाशामकाबरोबर तर ती जीवघेणी ठरू शकते. एकट्या गोळीने सहसा जीव जात नाही असे वर लिहिले, त्यातील ‘एकट्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

गुरुजींची गोळी कशी सुटली?

गोळी सोडायची म्हणजे आधी ती पुन्हा सुरू करायची, हे गुरुजींना पटवणे सर्वांत अवघड गेले. ते म्हणाले, “आता सुटलीच आहे तर राहू दे.” पण फलटणच्या दवाखान्यात त्याच वर्गातले औषध शिरेतून देऊन आकडी थांबवली होती, ती सुटलेली नव्हती. पहिल्या आठवड्यात पूर्वीची मात्रा, म्हणजे दिवसाला दीड मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून स्थिर केली. मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेतला. मग कमी करायला सुरुवात केली.

०.५ मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा हिस्सा, एवढेच एका वेळी कमी करायचे आणि तीन-चार आठवडे तेथेच थांबायचे. जास्त त्रास झाला तर आणखी थांबायचे, पण मागे फिरायचे नाही. सूनबाईंनी औषधाच्या दुकानातून गोळी कापायची डबी आणली आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर तारखा लिहिल्या. पहिले सहा टप्पे बरे गेले. त्यानंतर मात्र प्रत्येक टप्पा जड जाऊ लागला. कारण उघड आहे. दीड मिलिग्रॅममधून पाव गोळी काढणे म्हणजे बारावा हिस्सा काढणे. अर्ध्या गोळीतून पाव काढणे म्हणजे निम्मी काढणे. म्हणून शेवटी आम्ही आणखी सावकाश गेलो. शेवटची पाव गोळी सुटायला दोन महिने लागले. एकूण चौदा महिने. अमेरिकेतील वैद्यकीय संघटनांनी २०२५ मध्ये एकत्रितपणे जी मार्गदर्शिका काढली, तीतही दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के अशीच सुरुवात सुचवली आहे.

हा हिशेब गुरुजींचा आहे, तुमचा नाही. कोणाला कोणती गोळी, किती वर्षे, सोबत काय आजार, यावर तो बदलतो. कात्रण काढून स्वतःच सुरू करू नका. ज्यांना पूर्वी आकडी आली आहे, जे दारू घेतात, ज्या गर्भवती आहेत, त्यांनी तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय पाव गोळीही कमी करू नये.

गोळी कमी होत असताना झोपेचीही मशागत करावी लागते. गुरुजी रात्री साडेआठला अंथरुणावर पडत आणि सकाळी सहाला उठत. म्हणजे साडेनऊ तास. त्यांच्या वयाला झोप मिळायची जेमतेम सहा तास. उरलेले साडेतीन तास ते आढ्याकडे पाहत आणि त्यालाच निद्रानाश म्हणत. मी त्यांना अकरापर्यंत जागायला लावले. अकराच्या आत पलंगावर पाठ टेकायची नाही, सकाळी पाचला उठायचेच, रात्र कशीही गेली तरी. वीसेक मिनिटे झोप लागली नाही तर अंथरुणात कूस बदलत पडायचे नाही, उठून ओसरीवर झोपाळ्यावर बसायचे, डोळे जड झाले की परत यायचे. घड्याळ त्या खोलीतून बाहेर. दुपारची वामकुक्षी बंद. पहिला आठवडा त्यांनी मला मनातल्या मनात शिव्याच दिल्या असतील. तीन आठवड्यांनी झोप सलग लागू लागली, तेव्हा वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवली. हा काही माझा शोध नव्हे. निद्रानाशावर वर्तनोपचार म्हणून ही पद्धत जगभर वापरली जाते, आणि २०१६ पासून अमेरिकेच्या फिजिशियनांची संघटनाही गोळीच्या आधी हाच उपचार करावा असे सांगते.

चहा संध्याकाळी पाचनंतर नको. आणि एक गोष्ट आमच्या भागातील भगिनींसाठी. रात्री जेवणानंतर मशेरी लावायची आणि मग झोप येत नाही म्हणून गोळी घ्यायची, असे करणाऱ्या मला अनेक भेटतात. मशेरी म्हणजे तंबाखू, आणि तंबाखूतले निकोटीन मेंदूला जागे करते. तसेच दम्याच्या काही गोळ्या, स्टेरॉइड, संध्याकाळी घेतलेली लघवीची गोळी यांनीही झोप उडते. प्रोस्टेटमुळे रात्री चार वेळा उठावे लागत असेल तर उपचार प्रोस्टेटचा हवा. पहाटे लवकर जाग येऊन जीव नकोसा वाटत असेल तर ती उदासीनता असू शकते, तिच्यावर चांगली औषधे आहेत आणि ती वेगळी आहेत. बोलायला कोणी नसेल तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मराठीतही बोलता येते, पैसे पडत नाहीत.

आता पत्र लिहिणाऱ्या भगिनींना. तुमची गोळी कोणती ते पत्रात लिहिलेले नाही. पाकीट घेऊन ज्यांनी ती प्रथम लिहून दिली त्या डॉक्टरांकडे जा. मुलालाही सोबत न्या, त्याचा हेतू चांगला आहे, फक्त घाई झाली. डॉक्टरांना विचारा की ही मी किती दिवसांत आणि कशी कमी करू. ते ‘आजपासून बंद’ म्हणाले किंवा ‘घेत राहा, काही होत नाही’ म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका. तोवर रोजची अर्धी गोळी तशीच चालू ठेवा, वाढवू नका आणि चुकवूही नका. सहा वर्षे अर्ध्याच गोळीवर राहिलात, म्हणजे तुमचा रस्ता गुरुजींपेक्षा बराच सोपा असावा.

गुरुजी आता ऐंशीच्या घरात आहेत. रात्री साडेपाच तास झोपतात आणि ती पुरते असे म्हणतात. २०२२ मध्ये ते लोणंदहून तरडगावपर्यंतच चालले, पुढे मुलाच्या गाडीतून परत आले. रिंगणाला मात्र उपरणे खांद्यावरच होते. ती लॅमिनेट केलेली चिठ्ठी त्यांनी मला परत दिली आहे. ती माझ्या टेबलाच्या काचेखाली असते, आणि चिठ्ठी लिहिताना हात ‘पुन्हा’ या शब्दाकडे जाऊ लागला की दिसते.